‘शिकार’ म्हणजे नेमकी कोण? पत्त्यांच्या खेळाचे नियम मराठीत आणताना

किलवर एक्का
कोल्हापुरात, राजारामपुरीत आम्ही काही जण रविवारी ‘व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल’ खेळतो. रिचर्ड गारफील्डचा खेळ. 1994 साली ‘जिहाद’ नावानं आला, पुढच्याच वर्षी नाव बदललं. नवीन पोरांना इंग्रजी नियम जड जातात, म्हणून मराठीत लिहायला घेतलेत आणि एका शब्दावर घोडं अडलंय.

सगळे गोल बसतात. आपण डावीकडच्याच्या मागं लागायचं, उजवीकडचा आपल्या मागं लागतो. सुरुवातीला प्रत्येकाकडं 30 रक्त. आम्ही चिंचोके घेतो. डावीकडच्याचे चिंचोके संपले की तो बाद, आणि आपल्याला एक गुण नि 6 चिंचोके. ह्या डावीकडच्या ‘प्रे’ला मी ‘शिकार’ लिहिलं. पण ‘हंट’ ही निराळीच गोष्ट आहे. व्हँपायरचं पान आडवं करायचं आणि सगळ्यांच्या सामायिक पेढीतून एक रक्त त्याच्या अंगावर घ्यायचं, कुणाच्या चिंचोक्याला हात लागत नाही. त्यालाही ‘शिकार करणे’च लिहिलं गेलं. नियम असा की अंगात रक्त नसलेल्या व्हँपायरनं शिकार केलीच पाहिजे. परवा एका पोरानं ते वाचलं आणि रिकामा व्हँपायर थेट डावीकडच्यावर घातला. त्याचं काय चुकलं? मराठीत शिकार करतात तीही शिकार, आणि मारून आणतात तीही शिकार. दोन्हींना वेगळे शब्द सुचवा.

मोडीवाली
‘प्रे’ला ‘सावज’. हातात असलेला शब्द सोडून फारसी ‘शिकार’ कशाला? सावज ‘श्वापदा’वरून आला. गुजरातीत गीरच्या सिंहाला सावज म्हणतात, आपण ज्याच्यावर नेम धरतो त्याला म्हणतो. ‘हंट’ला ‘शिकार’ खुशाल ठेवा, घोटाळा मिटला.

तालीमकर
सावज म्हटलं की डोळ्यापुढं ससा येतो, न्हाईतर हरीण. इथं तो माणूस 30 चिंचोके घेऊन बसलाय आणि त्याच्या डावीकडच्याच्या मानगुटीवर तोही बसलाय. ह्या खेळात नुसतं सावज कुणीच नसतंय. ‘डावा गडी’ आणि ‘उजवा गडी’ म्हणा. गडी आपला शब्द आहे, खेळायला बसलेल्या पोराला लगेच कळतंय.

चौकट राणी
गडी अजिबात नको. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला गडी म्हणजे आपल्या बाजूचा, समोर बसलेला भिडू. ‘डावा गडी’ वाचून तो डावीकडच्याला मदत करायला जाईल.

जुना दप्तरी
‘पारध’ विसरलात का सगळे? हंटला पारध, प्रेला शिकार. कोल्हापुरात हा शब्द पुस्तकी नाही. संस्थानात चित्ते पाळलेले होते, त्यांच्याकडून काळवीट धरवत, आणि त्याला आमच्या घरची जुनी माणसं ‘चित्त्याची पारध’च म्हणायची. शिकार शब्द त्यांच्या तोंडी यायचा तो मारून आणलेल्या जनावराला. म्हणजे तुम्हाला हवा तो भेद बोलण्यात होताच.

फक्त उजवीकडच्या ‘प्रिडेटर’ला ‘पारधी’ लिहू नका. ते एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यानं ज्यांच्यावर शिक्का मारला त्यांत ते होते. शाहू महाराजांनी त्याच लोकांना सोनतळीच्या छावणीवर विश्वासानं जवळ केलं. आपण खेळातल्या रक्तपिपासू गड्याला ते नाव द्यायचं, हे मला सहन होणार नाही.

किलवर एक्का
पारधी लिहिणार नाही, शब्द दिला. पारध मात्र आवडला. पोरांना सांगावा लागेल, पण एकदा सांगितला की डोक्यात राहील.

तालीमकर
‘स्ट्राइक’ला काय घातलंय?

किलवर एक्का
‘डाव’. लढतीचा क्रम असा लिहिलाय: आधी पल्ला ठरतो, जवळ की लांब. कुणी काही केलं नाही तर जवळच. मग दोघं एकेक डाव टाकतात. मग कुणाला पुन्हा भिडायचं असेल तर ‘प्रेस’चं पान टाकतो आणि दुसरी फेरी सुरू.

तालीमकर
पल्ल्याच्या भागाला ‘खडाखडी’ म्हणा. हाताला हात लावून अंदाज घ्यायचा, कुणी कुणाला जवळ येऊ द्यायचं हे तिथंच ठरतंय. पण डाव चुकलाय. कुस्तीत डावाला तोड असते. एकानं डाव टाकला, दुसऱ्यानं तोड केली, की पहिला डाव फुकट. तुमच्या खेळात दोघांचे फटके एकदम बसतात न्हवं? मग तो ‘वार’. आणि समोरच्याचा वार चुकवायचा ‘डॉज’ आहे त्याला ‘तोड’ म्हणा.

चौकट राणी
आणि पत्त्यात ‘डाव’ म्हणजे वाटल्यापासून संपेपर्यंतचा अख्खा खेळ. ‘या डावात दोन डाव टाकता येतील’ असं वाक्य लिहिणार आहात का?

तालीमकर
खासबागेच्या कुस्ती मैदानाच्या गावात डाव पत्तेवाल्यांना देऊन टाकायचा व्हय?

चौकट राणी
कोल्हापुरात पत्ते काही कमी खेळत नाहीत. मुद्दा गावाचा नाही, वाचणारा पत्ते हातात धरून वाचणार आहे. त्याच्या कानाला जो अर्थ आधी लागतो तो धरा.

रंकाळा रोड
मी याच गटात खेळते. खरं सांगू? खेळताना आम्ही म्हणतो ‘दोनाचा ब्लीड मारला’ (म्हणजे डावीकडच्याचे दोन चिंचोके घालवले), ‘तुझा टॉर्परला गेला’, ‘प्रेस टाक की’. ह्यात क्रियापदं मराठी, प्रत्यय मराठी, बोलणारी तोंडं मराठी. मग नियमांच्या तक्त्यात वेगळी भाषा का? पानांवर इंग्रजी शब्दच छापलेत. तक्त्यात ‘पारध’ आणि पानावर ‘हंट’, मग नवीन पोरगं दोन दोन शब्द शिकणार.

मोडीवाली
पानावर छापलंय म्हणून डोक्यातही तेच छापायचं? टॉर्परला काय झालंय हे त्या शब्दातून कुणाला कळतं? अंगातलं रक्त संपलं, जखम भरायला काही उरलं नाही, म्हणून व्हँपायर पडून राहतो. ‘निपचित’ म्हणा, चित्र उभं राहतं.

तालीमकर
चितपट.

रंकाळा रोड
चितपट नाही चालणार, दादा. चितपट झाला की कुस्ती संपली, गडी मैदानाबाहेर. इथं पडलेला व्हँपायर स्वतःचं 2 रक्त खर्चून उठतो, त्याच्या अंगावर ते हवं एवढंच. आणि खरी भीती ती नसतेच. तो पडलेला असताना दुसऱ्याचा व्हँपायर येऊन त्याला पिऊन टाकू शकतो. म्हणून चाल करतानाच बघायचं असतं की माझा पडला तर त्याला उचलायला माझ्याकडं दुसरं कोण उभं आहे. हे ‘निपचित’मधून थोडं कळतं, ‘चितपट’मधून अजिबात नाही.

किलवर एक्का
निपचित घेतो. आता खरी अडचण ‘हात’. हातात सात पानं ठेवायची, एक टाकलं की लगेच नवीन ओढायचं. शिवाय हातानं मारलेला वार असतो, तो फक्त जवळच्या पल्ल्यात लागतो. समोरच्याकडं बंदूक असली तर तो लांब राहायला बघतो. मग आपण जवळ यायचं पान टाकायचं, तो परत लांब जायचं टाकतो, ज्याचं पान आधी संपलं तो फसला. म्हणून नुसती ताकदीची पानं भरून कॅट लावणारी पोरं मार खातात. बरं, लढाईची पानं खूप झाली आणि समोरचा लढायलाच आला नाही, तर सातही पानं तशीच अडकून पडतात, नवीन एकही येत नाही. त्याला आम्ही ‘हात तुंबला’ म्हणतो. आता ‘हात तुंबलेला असताना हाताचा वार’ हे कसं लिहू?

चौकट राणी
आणि तिसरा हात राहिलाच. मेंढीकोटात चार पानं पडली की जिंकणाऱ्याचा ‘हात’ होतो. तुमच्या खेळात तसा हात नाही, पण वाचणारा तोच शोधणार. ‘हातातली पानं’ असं पूर्ण लिहा, आणि वाराला ‘ठोसा’.

तालीमकर
ठोसा नको. कुणी नखानं ओरबाडतंय, कुणी नुसतं ढकलतंय. हाताचा वार बरोबर आहे.

जुना दप्तरी
चौकट राणी म्हणतात त्या तिसऱ्या हाताला ‘दस्त’ म्हणतात. ब्रिजवर मराठीत लिहिणारे तोच वापरतात. तो त्या अर्थाला देऊन टाका, म्हणजे ‘हात’ मोकळा होईल.

मोडीवाली
दप्तरीकाका, दस्त म्हणजे फारसीत हातच की! दस्तऐवज, दस्ताना, सगळीकडं तोच. एका अर्थाचा हात काढून तिथं परत हातच बसवताय.

जुना दप्तरी
फारसीत असेल. मराठीत दस्त म्हटल्यावर तुमच्या मनात पंजा येतो का? मुद्रांक कचेरीत ‘दस्त नोंदवला’ म्हणतात तेव्हा कुणी तळहात नोंदवत नाही. शब्द कुठून आला याचा हिशेब वेगळा, आज कुठं राहतो याचा वेगळा.

मोडीवाली
मग हाच हिशेब ‘ब्लीड मारला’ला लावायचा का?

रंकाळा रोड
मी तेच म्हणतेय मघापासून.

जुना दप्तरी
नाही. दस्तानं इथं कैक पिढ्या काढल्यात.