जिताड्याच्या कल्ल्यांतलं रक्त कमी-जास्त कसं होतं?

खारभूमी: पेणजवळच्या खाजणातल्या तळ्यातून (खारटपणा १८ पीपीटी, म्हणजे लिटरला साधारण १८ ग्रॅम क्षार) जिताडा गोड्या पाण्यात हलवला की दुसऱ्या दिवशी काही मासे मरतात. टाकीत ऑक्सिजन पुरेसा असतो. मासा घाबरला की कल्ल्यांतलं रक्त वाढतं आणि त्यानेच दगावतो असं ऐकलं. नेमकं काय होतं?

मचवा: माशाच्या हृदयातलं सगळं रक्त आधी कल्ल्यांत जातं, मग अंगभर. कल्ल्याच्या कमानीवर लाल तंतू असतात आणि प्रत्येक तंतूवर दोन्ही बाजूंनी बारीक पापुद्रे. ऑक्सिजन घेण्याचं काम या पापुद्र्यांचं. मासा निवांत असताना सगळ्या पापुद्र्यांत रक्त फिरत नाही; रेनबो ट्राउटमध्ये साधारण ६० टक्केच चालू असलेले आढळले, तेही जास्त करून तंतूच्या बुडाकडचे. घाबरला की अ‍ॅड्रेनलिन सुटतं, पापुद्र्यात शिरणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सैलावतात, रक्ताचा दाब वाढतो आणि मिटलेले पापुद्रे उघडतात. याउलट, तंतूतून शुद्ध रक्त बाहेर नेणाऱ्या वाहिनीच्या बुडाशी स्नायूचं कडं असतं. मज्जातंतूंतून अ‍ॅसिटिलकोलीन हे रसायन आलं की ते कडं आवळतं आणि रक्त अडतं.

पाण्यातला ऑक्सिजन घटला तर बऱ्याच माशांचे ठोके मंदावतात, पण दर ठोक्याला रक्त जास्त फेकलं जातं.

निवटी: मचवाभाऊंनी सांगितलं त्याचीच किंमत मासा मोजतो. जिताड्याचं रक्त साधारण १०-१२ पीपीटी पाण्याइतकं खारट. गोड्या पाण्यात जितके पापुद्रे उघडे, तितके क्षार बाहेर झिरपतात आणि पाणी आत शिरतं. अ‍ॅड्रेनलिनने पापुद्र्यांची त्वचाही जास्त झिरपू लागते. हे झिरपणं हळूहळू साचतं, म्हणून मासा लगेच मरत नाही, दुसऱ्या दिवशी मरतो.

हलवण्याआधी २४ तास खाद्य बंद. पहाटे गारव्यात, बिनगाठीच्या मऊ जाळ्याने धरा; पाठलाग नको. टाकीतलं पाणी १० पीपीटी ठेवा: गोड्या पाण्यात १०० लिटरला १ किलो जाडं मीठ. मग रोज २-३ पीपीटीने उतरवा. गोड्या तळ्यातल्या पाण्याचा कठीणपणाही (कॅल्शियमसारख्या क्षारांचं प्रमाण) मोजा. जांभ्यावरचं पाणी मऊ असतं, आणि कॅल्शियम कमी पडलं की कल्ले जास्त झिरपतात. कठीणपणा लिटरला ५० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आधी कॅल्शियमसाठी जिप्सम टाका.

खारभूमी: टाकीत ऑक्सिजन आणखी वाढवला तर मीठ टाळता येईल?

निवटी: नाही. ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर हवाच, पण जाळ्यात धडपडताना सुटलेलं अ‍ॅड्रेनलिन त्याने परत जात नाही.