खोट्या बिलांची केस झाली, तर कंपनीतलं आत कोण जातं?

शिरोलीकर_७
समजा, शिरोली एमआयडीसीतली एक प्रायव्हेट लिमिटेड फाउंड्री (धातू ओतकामाचा कारखाना) आहे. भंगार दलालामार्फत येतं आणि बिलं ज्या फर्मची, ती पत्त्यावर सापडतच नाही. त्या बिलांवर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) ५ कोटींच्या वर. संचालक तिघं. एमडीकडे खरेदी आणि बँक, धाकटा भाऊ मेल्टिंग बघतो, आई सहीपुरत्या. तिघंही आरोपी होतात का? धाकट्यानं आत्ता राजीनामा दिला तर सुटेल?

काटापावती
नुसत्या पदावरून कुणी आरोपी ठरत नाही. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम १३७ बघा. गुन्हा घडला तेव्हा धंद्याचा कारभार ज्याच्या हातात होता, तो आधी सापडतो. मग 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी पुरेशी काळजी घेतली' हे त्यानंच सिद्ध करायचं. बाकी संचालक-मॅनेजर संमती, संगनमत किंवा हलगर्जी दाखवली तरच येतात, आणि ते दाखवायचं काम जीएसटी खात्याचं.

एमडी सुटत नाही. धाकट्याचं कागदावर ठरेल. खरेदी ऑर्डर, आरटीजीएसची मंजुरी, वजनकाट्याची पावती यांवर सही कुणाची? भट्टीत किती माल वितळला त्याची नोंदवही, म्हणजे हीट रजिस्टर, तर त्याच्याच ताब्यात. बिलं महिन्याला ४०० टनांची आणि भट्टीत चढलं २५० टन, शिल्लक माल यार्डात नाही, तर माहीत नव्हतं हे कोण ऐकणार? ई-वे बिलातली (माल वाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यातली) गाडी किणी टोलनाक्यावरून गेली का, हे फास्टॅगवरून दोन मिनिटांत कळतं. कधी कधी तो नंबर दुचाकीचा निघतो, मग बोलणंच खुंटलं.

भाऊ_जीएसटी
अटकेचं सांगतो. ५ कोटींच्या वर गेलं की कलम १३२ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. १८ टक्क्यांनी हिशोब केला तर साधारण २८ कोटींची बिलं. मध्यम फाउंड्रीला फार नाहीत. अटकपूर्व जामीन एफआयआर नसतानाही मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं राधिका अगरवाल प्रकरणात फेब्रुवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. सेशन्स कोर्टात नाही झालं तर आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात भरतंय.

झडती चालू असताना 'आत्ता भरा, नाहीतर नेतो' म्हणून डीआरसी-०३ (स्वखुशीनं कर भरायचा फॉर्म) भरून घेणंही चालत नाही. स्वखुशीनं भरायचं तर सल्ला घेऊन भरा.

शिरोलीकर_७
आणि राजीनामा? आईंचं काय?

काटापावती
राजीनाम्यानं मागचं पुसलं जात नाही. कंपनी कायद्याच्या कलम १६८ नुसार कारकिर्दीतल्या गुन्ह्याची जबाबदारी नंतरही राहते. पुढचं तरी तुटावं म्हणून डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचं कंपनी निबंधकाला कळवायचा फॉर्म) ३० दिवसांत भरलं का ते बघा आणि जीएसटी पोर्टलवरचं नाव १५ दिवसांत बदलून घ्या. गडबड इथंच होते: माणूस गेला, पण ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतोय आणि रिटर्न त्याच्याच सहीनं जातंय.

आईंना तुरुंगाची भीती कमी, घराची जास्त. सीजीएसटीचं कलम ८९ प्रायव्हेट कंपनीलाच लागतं. कंपनीकडून कर, व्याज, दंड वसूल झाला नाही, तर त्या काळातल्या प्रत्येक संचालकाकडून वसूल होतो. घोर निष्काळजीपणा आपला नव्हता, हे ज्याचं त्यानं सिद्ध करायचं. 'मी फक्त सही करायचे' हे तिथं उलटंच पडतं.

भाऊ_जीएसटी
खटला टाळायची तडजोड (कंपाउंडिंग) सीजीएसटीच्या कलम १३८ खाली होते. आधी कर, व्याज, दंड भरायचा, वर कराच्या २५ ते १०० टक्के. खोटं बिल घेणाऱ्याला ही वाट आहे, फाडणाऱ्याला २०२३ च्या दुरुस्तीनंतर नाही.

एक राहिलं. कलम ७० खाली समन्स काढून घेतलेल्या जबाबात घरातली माणसं सवयीनं 'आम्ही सगळे मिळून बघतो' असं सांगतात. अधिकारी तेच टाइप करतो, हे खाली सही करतात, आणि तिघंही कारभारी ठरतात. जे काम ज्याचं, तेवढंच सांगा. वाचल्याशिवाय सही करू नका.