अनुभव धागा : बाहेरच्या बाजारानं तुमच्या घरात काय आणलं, काय नेलं?

द्राक्षवेल
काल भाचीनं नेदरलँड्सहून फोटो पाठवला. दुकानातलं अर्ध्या किलोचं पनेट (प्लास्टिकची डबी), वर 'इंडिया', आत थॉमसन द्राक्षं. "मावशी, आपलीच असतील का गं?" तेव्हापासून २०१० डोळ्यांपुढून हलत नाही.

निफाड तालुक्यात आमची तीन एकर बाग. त्या साली माल एक नंबर. बायांनी विरळणी अशी केलेली की घडातून बोट फिरावं. कंटेनर युरोपला गेला, आम्ही निर्धास्त. मग निरोप आला, मालात सीसीसी ह्या औषधाचे अंश सापडले. शेंड्याची वाढ रोखायला सगळेच मारायचे ते, इथल्या तपासणीच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. पैसे नाहीतच, वर तिकडचा खर्चही आमच्याच माथी. सासरे दोन दिवस बागेकडे फिरकले नाहीत.

पण घरावरचा स्लॅब, पोराचं इंजिनिअरिंग, सगळं ह्याच निर्यातीवर झालं. त्यामुळे रागही धड धरता येत नाही. तुम्ही लिहा.

लासलगावकर
ताई, तुमचं दार तिकडून बंद झालं, आमचं इकडूनच. ८ डिसेंबर २०२३, कांदा निर्यातबंदी. ट्रॉली भरून उभी होती. उन्हाळ कांदा असता तर चाळीत साठवला असता, लाल कांदा टिकत नाही, कुठे ठेवणार? मिळेल त्या भावात दिला.

पुण्याची मनू
कुकर लावलाय, पटकन लिहिते. नवरा आयटीत, अमेरिकेच्या घड्याळावर. पगार छान आहे, घर त्यातूनच झालं. पण लेकीनं शाळेत 'माझे बाबा' चित्र काढलं, त्यात पाठमोरा माणूस आणि कानाला हेडफोन. त्याला अजून दाखवलेलं नाही. शिट्टी झाली, येते.

द्राक्षवेल
मनू, दाखव गं. गलबलून आलं वाचून.

धोटा
इचलकरंजी. वडिलांचे आठ साधे माग किलोवर भंगारात गेले. परदेशातून जुने शटललेस (बिनधोट्याचे) माग आले, ज्याच्याकडे भांडवल तो टिकला. मी आज तसल्याच मागांवर जॉबर (माग दुरुस्त करणारा) आहे, वडिलांपेक्षा बरं कमावतो. भंगारवाल्याच्या टेम्पोतून एक धोटा, आडवा धागा नेणारा, तेवढा काढून घेतला होता, टीव्हीशेजारी ठेवलाय. वडील रोज पुसतात.

वरुडचा
धोटा +१. आमचा संत्रा पहिले ट्रकच्या ट्रक बांगलादेशात जाय. त्यांनी आयातशुल्क वाढवत नेलं अन् इथं भाव बसला. आता बाग तोडू का ठेवू, बापलेकात रोज तेच चालते.

लासलगावकर
तोडू नका भाऊ घाईनं. झाड उभं करायला किती वर्षं जातात.

स्वयंपाकघर
विषय सोडून विचारते, द्राक्षवेल ताई, तुमच्याकडे बेदाणा मिळेल का? दिवाळीला पाच किलो हवाय.

पिंपळगाव
ताई, भाचीला खोक्यावरचा नंबर बघायला सांगा. २००६ पासून ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्लॉटची नोंद असते, कोणाची बाग ते थेट कळतं.

द्राक्षवेल
सांगितलं होतं. दुकानात खोकी ठेवत नाहीत म्हणे, नुसती पनेटं. आणि तिचं पनेट तर कालच संपलं. गोड होती म्हणाली.
स्वयंपाकघर, आमचा खायचा माल, बेदाणा तासगावचा घ्या. एका ओळखीच्यांचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करते.