कोमट नाही, तळघराच्या तापमानाची

वर एकांनी लिहिलंय की इंग्लंडमधल्या जुन्या गल्लीबोळातल्या पबात बिअर कोमट देतात. कोमट नाही हो, तळघराच्या तापमानाची: ११ ते १३ अंश. फ्रीजमधल्या लागरला (थंडगार पितात ती नेहमीची फिकट बिअर) सरावलेल्या जिभेला तशी वाटते, इतकंच.

ही बिअर म्हणजे कास्क एल, पिंपातूनच थेट ग्लासात येणारी पारंपरिक बिअर. तिच्यातलं यीस्ट जिवंत असतं, त्यामुळे ती पबात आल्यावरही पिंपात मुरत असते. नेहमीचं पिंप ९ गॅलनचं, म्हणजे सुमारे ४१ लिटर. ते आडवं ठेवून पाचरी मारायच्या आणि मग हात लावायचा नाही. हललं की गाळ वर, ग्लास गढूळ. वरच्या भोकात आधी सच्छिद्र लाकडाची खुंटी ठोकतात, तिच्यातून जादा वायू फसफसत निघतो. फेस ओसरला की घट्ट खुंटी. विक्री चालू असताना ती काढावी लागते, नाहीतर हवा आत न गेल्याने ग्लास भरायचा हातपंप ओढला जात नाही. रात्री परत लावायला विसरलं, की सकाळी वायू उडून बिअर मेलेली! पिंप उघडल्यावर तीनेक दिवसांत संपलं पाहिजे, पुढे व्हिनेगरसारखा वास येतो. म्हणून गिऱ्हाईक तुरळक असलेल्या पबात सहा-सहा हातपंपांची हँडलं बघून हुरळू नये.

आणि तिथले पब पूर्वी दुपारी बंद ठेवत, ती काही पुरातन रीत नव्हे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून ते निर्बंध आले. इंग्लंड-वेल्समध्ये रविवार सोडून इतर दिवसांचे उठले थेट १९८८ साली.