लॉक स्टेपमधला ‘लॉक’ आणि ‘टो’: मराठीत काय म्हणावं?

पायपीट (अलकापुरी, बडोदं):
क्विकस्टेप या जोडीच्या बॉलरूम नाचातला फॉरवर्ड लॉक शिकतोय, म्हणजे पुढे जाता जाता एक पाय दुसऱ्यामागे ओलांडून आणायचा. वहीत पुरुषाच्या चार पावलांपुढे ‘एचटी, टी, टी, टीएच’ असं लिहून दिलंय. एच म्हणजे हील, टाच. टी म्हणजे टो. ‘टो’ला मात्र कुणी बोटं म्हणतं, कुणी पंजा. आणि ‘लॉक’ला? ‘कुलूप-पाऊल’ म्हटल्यावर वर्गात हशा पिकला.

दांडियाबाजार:
पिकणारच. ‘टो’साठी आपल्याकडे चोख शब्द आहे, चवडा. बॅलेसारखं बोटांच्या टोकांवर चढणं इथे नाहीच. फळीवरचा डबा काढताना आपण जसे उभे राहतो, तसं. पहिलं पाऊल टाचेवर पडतं आणि त्याच्या शेवटी शरीर चवड्यावर उठायला लागतं. दुसरं, तिसरं चवड्यावरच. चौथं चवड्यावर पडून टाच टेकते. ‘एचटी’ आणि ‘टीएच’मध्ये अक्षरांचा क्रम म्हणजेच वजनाचा क्रम, तो उलटवू नका. मोजणी स्लो, क्विक, क्विक, स्लो. स्लोच्या दोन मात्रा, क्विकची एक, म्हणजे सहा मात्रा. संगीत चार-चारच्या हिशेबात चालतं, म्हणून पुढचं पाऊल चार मात्रांच्या मापाच्या मध्यावर येतं आणि नवशिके तिथेच गडबडतात.

मांडवीकर:
मग ‘बॉल’ कुठे गेला? चाचाचा या लॅटिन नाचाच्या लॉकमध्ये ‘बॉल फ्लॅट’ (आधी बॉल, मग सपाट तळवा) म्हणतात, तोही चवडाच की!

दांडियाबाजार:
बरोबर धरलंत. भाग तोच, उंची वेगळी. ‘टो’मध्ये शरीर वर उठलेलं असतं, ‘बॉल’मध्ये ते गृहीत नाही. मी तरी ‘उंच चवडा’ आणि नुसता ‘चवडा’ म्हणेन. आता ‘लॉक’. पुढे जाताना तिसऱ्या पावलाला पुरुषाचा उजवा पाय डाव्याच्या मागे येतो. त्याच क्षणी मागे सरकणाऱ्या जोडीदारणीचा डावा पाय उजव्याच्या पुढे. याला ‘अढी’ म्हणावं. पायावर पाय टाकून बसलं की आपण अढीच घालतो.

मांडवीकर:
अहो, आपल्या बडोद्यात, जुम्मादादांच्या व्यायाममंदिराच्या गावात अढी म्हटलं की मल्लखांबच आठवणार! तिथे खांब पायांनी आवळायचा असतो. नाचात कुणी असं आवळून धरलं तर दोघंही पडतील. (मनातल्या अढीचं तर विचारूच नका.)

दांडियाबाजार:
पण ‘लॉक’ तरी काय वेगळं सांगतो? तो शब्द ऐकूनच लोक पाय घट्ट करतात. खरं तर पाय नुसता ओलांडून येतो, वजन घेतो आणि दुसरा लगेच मोकळा होतो. ‘सैल अढी’ म्हणा हवं तर. ‘कैची’ नको, कबड्डीत तीही पकडच.

पायपीट:
पावलाचं नाव ‘लॉक स्टेप’च ठेवतो, परीक्षेत तेच चालेल. शिकवताना मात्र पुढे जाणाऱ्याला ‘मागून अढी’, मागे जाणारीला ‘पुढून अढी’ सांगून बघतो.

मांडवीकर:
हे पटलं. जोडीदारणीच्या वहीत एक तपासा. मागे जाताना पहिल्या पावलापुढेही ‘टीएच’ असायला हवं, तुमचं ‘एचटी’ नव्हे. बऱ्याच वह्यांत एकाचंच उतरवून घेतलेलं असतं.