मदत हवी आहे: घरच्या डीजे सेटसाठी सीडी डेक, 800 घेऊ की 400? (शनिवारच्या आत सांगा)

घणसोलीकर
नमस्कार मंडळी. घरी मिक्सिंग शिकायला दोन सीडी डेक घ्यायचे आहेत. कोपरखैरण्यात एकाकडे पायोनियर सीडीजे-800 ची जोडी आहे, 36 हजार म्हणतोय. ठाण्यात वर्तकनगरला सीडीजे-400 ची जोडी 42 हजारांना आहे. 800 चं जॉग व्हील (गाणं हाताने पुढे-मागे ढकलायची गोल चकती) मोठं आहे, हात ठेवला तेव्हाच आवडलं. सीडी भरपूर आहेत, मिक्सर आहे, स्पीकर आहेत. फक्त कुठली जोडी घेऊ तेवढं सांगा. कोपरखैरण्याचा माणूस शनिवारनंतर थांबणार नाही.

नौपाडा_साउंड
800 साधं की एमके2? तुमच्या सीडी ऑडिओ आहेत की एमपीथ्री? मिक्सर कुठला? हे कळल्याशिवाय उत्तर देणं म्हणजे पत्ता न विचारता रिक्षा सोडणं.

बीटवाला_ऐरोली
आजच्या काळात सीडी डेक कशाला, दादा? एफएलएक्स4 कंट्रोलर घे आणि लॅपटॉपवर रेकॉर्डबॉक्स हे डीजेचं सॉफ्टवेअर टाक. दोन्ही डेक, मिक्सर, हेडफोन सगळं एकाच पेटीत. कंपनीनेच सीडी सोडली, 2020 च्या सीडीजे-3000 ला सीडीची फट नाही. नाव तेवढं सीडीजे राहिलंय.

घणसोलीकर
@बीटवाला, कंट्रोलर विचारलेला नाही. दिवसभर ऑफिसात लॅपटॉपसमोर असतो, घरी परत तोच नको.
@नौपाडा, सीडी म्हणजे सीडी. घरी राइट केलेल्या. डेकवर फक्त सीडीजे-800 लिहिलंय. मिक्सर चार चॅनलचा आहे, चालू आहे.

नौपाडा_साउंड
फक्त 800 लिहिलं असेल तर ती पहिली आवृत्ती. ती ऑडिओ सीडीच वाचते. एमपीथ्री एमके2 पासून आलं. आता एक करा. तुमची कुठलीही सीडी कॉम्प्युटरमध्ये घाला आणि आत काय दिसतं ते इथे लिहा. 15-20 ट्रॅक दिसले तर ऑडिओ. शंभरेक फाइली दिसल्या तर एमपीथ्री, आणि 800 तुमच्यासाठी बाद.

मंजिरी_कळवा
मला वेगळंच सांगायचंय. घरी राइट केलेल्या सीडी असतील तर डेक नंतर घ्या, आधी सगळ्या सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. राइट केलेल्या सीडीत माहिती रंगाच्या थरात असते, उन्हाने आणि गरमीने तो रंग उडतो. आमच्या घरी मुलाच्या बारशाच्या फोटोंची सीडी खिडकीजवळच्या कपाटात होती. वरून चकचकीत, आत एकही फाइल उघडली नाही. दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

घणसोलीकर
ताई, बरोबर आहे, पण सध्या प्रश्न डेकचा आहे.
आत्ता तीन सीडी घालून बघितल्या. पहिलीत 114 फाइली, दुसरीत 97. तिसरी ऑडिओ, 16 ट्रॅक.

नौपाडा_साउंड
मग सुटला प्रश्न. 400 एमपीथ्री सीडी वाचतं, पेनड्राइव्हही घेतं. पेनड्राइव्ह एफएटी-32 मध्ये फॉरमॅट करा. आता मिक्सरचं नीट सांगा. पुढच्या बाजूला काय काय बटणं आहेत?

घणसोलीकर
चार माइकची भोकं, प्रत्येकाला बास-ट्रेबल, एक ऑक्स, हेडफोनचं एक भोक. काकांच्या साउंडचा आहे, भजनालासुद्धा वापरायचे.

नौपाडा_साउंड
हा सभेचा मिक्सर, डीजेचा नव्हे. वाईट वाटून घेऊ नका, पण यावर मिक्सिंग शिकता येणार नाही. कारण सांगतो. एक गाणं स्पीकरवर वाजत असताना दुसरं फक्त तुमच्या कानात वाजायला हवं. डीजे मिक्सरला त्यासाठी प्रत्येक चॅनलवर क्यू बटण असतं. तुमच्याकडच्या छोट्या मिक्सरमध्ये बहुधा जे स्पीकरवर तेच हेडफोनवर येतं. या डेकना स्वतःचं हेडफोनचं भोकही नसतं. मग दुसरं गाणं ऐकणार कुठून? डेकवर सगळे पैसे घालू नका, दोन चॅनलच्या डीजेएम-250सारख्या मिक्सरसाठी बाजूला ठेवा. आणि वायर लाइनच्या भोकात लावा. फोनो टर्नटेबलसाठी असतं, त्यात डेक लावला तर आवाज फाटतो.

बीटवाला_ऐरोली
हेच मी पहिल्या दिवशी म्हटलं. कंट्रोलरमध्ये क्यू आयता येतो.

जुना_रेकॉर्डवाला
खरं शिकायचं असेल तर टर्नटेबलवर शिका. हाताला कळतं गाणं कुठे आहे ते. आम्ही पडद्यावरचा आकडा बघून कधी गाणं जुळवलं नाही.

बीटवाला_ऐरोली
आणि तबकडी कुठून आणायची? घणसोलीकरांची गाणी सीडीवर आहेत. सॉफ्टवेअर बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, ते मोजून देतं, सिंक दाबलं की दोन्ही गाण्यांची लय आपोआप जुळते, काम झालं.

नौपाडा_साउंड
तुम्ही हाउस, म्हणजे मशीनच्या एकसारख्या ठेक्याचं संगीत वाजवता, म्हणून झालं. हळदीची गाणी वाजवून बघा. बेंजो आणि ढोलकी माणसं वाजवतात, मुखड्याला 118 असलेली लय अंतऱ्याला 121 वर जाते. दोन गाण्यांत मिनिटाला एका ठोक्याचा फरक असला, तरी एका मिनिटात एक पूर्ण ठोका मागे-पुढे. तिथे कान लागतो आणि जॉग व्हीलवर बोट लागतं.

बीटवाला_ऐरोली
रेकॉर्डबॉक्समध्ये डायनॅमिक मोड आहे, बदलती लय पकडतो. वापरून मग बोला.

नौपाडा_साउंड
वापरलाय. ढोलकीचा लग्गी-तोडा आला की माझी ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या खुणा, सरकली होती. तुमचं जमत असेल तर आनंद आहे.

सेक्टर_सात_नेरूळ
अवांतर: घरात किती आवाजात वाजवणार? निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि रात्र 10 ला सुरू होते. आमच्या खालच्या मजल्यावर एकाने सबवूफर आणलाय, आईला दुपारी झोप लागत नाही. हेडफोनवरच शिका, ही विनंती.

घणसोलीकर
हेडफोनवरच शिकणार, काळजी नसावी.
पहिल्यांदाच सांगायला हवं होतं ते सांगतो. सीडी माझ्या नाहीत, काकांच्या आहेत. घणसोली, तळवली, गोठिवली इकडे हळदीला काका वाजवायचे. गेल्या चैत्रात गेले. 230 सीडी आहेत, प्रत्येकीवर निळ्या स्केचपेनने त्यांचं अक्षर: ‘हळद 2, तळवली, हळू ते जलद’. फाइलींनाही नंबर घातलेत. त्यांनी लावलेल्या क्रमानेच मला वाजवायचंय. म्हणून सीडी हवी, म्हणून लॅपटॉप नको.

मंजिरी_कळवा
मग तर आजच उतरवायला घ्या. फाइलींची नावं आणि क्रम बदलू नका, आणि प्रत्येक सीडीच्या वरच्या बाजूचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. अक्षरही राहील.

जुना_रेकॉर्डवाला
टर्नटेबलचं मागे घेतो. काकांचा क्रम जपा, सीडीच घ्या.

नौपाडा_साउंड
वर्तकनगरला जाताना तीन सीडी न्या: दुकानातली एक छापील, काकांची एक ऑडिओ, एक एमपीथ्री. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून शेवटचा ट्रॅक आधी लावा. कमजोर लेन्स बाहेरच्या कडेलाच अडखळते. ऑडिओ सीडीची आणखी एक प्रत काढून दोन्ही डेकमध्ये एकच गाणं घाला, पिच (गाण्याचा वेग बदलणारा दांडा) शून्यावर ठेवून एकदम सुरू करा. पाच मिनिटांनीही एकत्र वाजलं पाहिजे. पिचचा दांडा हलवून सोडा, आकडा आपोआप नाचत असेल तर तो झिजलाय. डेकवरची क्यू आणि प्ले बटणं शंभर वेळा दाबा, लाजू नका. आणि डेकच्या मागची पट्टी वाचा, किती व्होल्ट लिहिलंय ते.

घणसोलीकर
विकणाऱ्याने मागचा फोटो पाठवला. ‘एसी 100 व्ही’ लिहिलंय. म्हणजे?

नौपाडा_साउंड
जपानी बाजाराचा माल. आपल्या 230 च्या प्लगमध्ये थेट लावलात तर पॉवर सप्लाय जळेल. 230 ते 100 चा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पट्टीवर वॅटचाही आकडा असतो, दोन्हींची बेरीज करा आणि दुप्पट क्षमतेचा घ्या. तो आत्ता कशावर चालवतोय ते विचारा, ट्रान्सफॉर्मर व्यवहारात मागून घ्या.

बीटवाला_ऐरोली
शनिवारी मी मोकळा आहे. ऐरोलीहून ठाण्याच्या गाडीत चढेन. पिच आणि जॉग मी तपासतो.

घणसोलीकर
शनिवार रात्र. बीटवाला दादा आले होते, मनापासून आभार. कोपरखैरण्याच्या माणसाला सकाळीच नाही कळवलं. डावा डेक सगळ्यात पास झाला. उजव्यात काकांची ऑडिओ सीडी सोळाव्या ट्रॅकला अडकली, छापील मात्र नीट चालली. मालकाने समोर कापसाने लेन्स पुसली, त्यानंतर सोळावा ट्रॅक दोनदा पूर्ण वाजला. त्या कारणाने किंमत 37 वर आली, ट्रान्सफॉर्मर त्यातच.

घरी आल्यावर ‘हळद 2’ एका डेकमध्ये आणि तिचीच प्रत दुसऱ्यात घातली. सातवं गाणं 112, आठवं 116. काकांनी चढ असा ठेवलाय की पिच चार टक्क्यांपेक्षाही कमी हलवावा लागतो. पिच दहा टक्क्यांच्या पट्टीवर ठेवलाय, पण पुढच्या पाचही गाण्यांत तेवढी कुठेच लागली नाही. दुसरं गाणं फक्त कानात ऐकता येत नाही, कारण मिक्सर अजून तोच सभेचा आहे.

मंजिरीताई, 41 सीडी उतरवून झाल्या. तीन वाचता येत नाहीत, त्यांचे फोटो काढून ठेवलेत.

डीजेएम-250 किंवा तसाच दोन चॅनलचा मिक्सर वाशी-नेरूळकडे कुणी विकतंय का? दहा हजारांपर्यंत. उद्या दुपारी येऊ शकतो, तीन सीडी आणि हेडफोन घेऊनच येईन.