मदत हवी आहे: गौडा चीजची व्हॅक्यूमची पिशवी फुगली, फोडू का नको?

खटपट्या:
कोणीतरी लवकर सांगा. घरी गौडा केलाय, दोन व्हील्स, साधारण 900 ग्रॅमची एकेक. व्हॅक्यूम करून ठेवल्या होत्या, आज बाराव्या दिवशी बघतो तर एक पिशवी टम्म फुगलीये आणि दुसरीत तळाशी पाणी साचलंय. सीलर नवीन आहे, शिवण दोन्हीकडून तपासली, कुठेही गळत नाही. फोडून परत सील करू का तशीच राहू दे? बहीण येतेय डिसेंबरात, तिच्यासाठी ठेवलंय. आणि पिशवीऐवजी चीजवर मेण लावा असं प्लीज कोणी सांगू नका, मला ते उद्योग करायचे नाहीयेत.

चिंचगूळ:
दूध कुठलं, कल्चर (चीजसाठी दुधात घालायचं जिवाणूंचं मिश्रण) कुठलं, मिठाच्या पाण्यात किती तास, सील करायच्या आधी किती वाळवलं, ठेवलंय किती डिग्रीला? यातलं एकही लिहिलं नाहीये, आम्ही काय पत्रिका मांडायची का?

खटपट्या:
अहो प्रश्न पिशवीचा आहे. दूध गाईचं, नेहमीच्या गवळ्याचं. फ्रिजमध्येच आहे. वाळवलं नीट.

माजघर:
मी चीज कधी केलं नाही पण व्हील वगैरे काय, सरळ ढेप म्हणा की. गुळाची असते तशीच दिसते ना ती?

अर्धा_लिटर:
म्हशीचं घ्यायला हवं होतं. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार, उतारा किती जास्त पडतो बघा. आमच्याकडे सगळं म्हशीच्याच दुधाचं होतं.

रॉटरडॅमकर:
म्हशीचा विषय कुठून आला मध्येच? खटपट्या, घाबरू नका लगेच. गौडाच्या बऱ्याच कल्चरमध्ये ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू असतात, ते थोडा कार्बन डायऑक्साइड सोडतातच, गौडाला ती बारीक भोकं पडतात ना ती त्याचीच. त्यामुळे पिशवी जराशी सैल पडली तर ते नॉर्मल आहे. इकडे नेदरलँड्समध्ये सुद्धा प्लास्टिकच्या फॉइलमध्ये मुरवलेलं चीज सर्रास विकतात, फक्त त्याला साल (बाहेरचा कडक थर) येत नाही आणि चवीत जरा मवाळ लागतं. खरा गौडा म्हणजे वरून पातळ कोटिंग लावून फळीवर ठेवलेला, चार आठवड्यांचा तो 'योंग' (कोवळा), चार महिन्यांच्या आसपास 'बेलेखन' (मुरलेला), आणि दहा महिने झाले की 'आउड' (जुना). मी तर म्हणेन पिशवीच नको, साल नैसर्गिक होऊ द्या, रोज मिठाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा.

चिंचगूळ:
पुण्यात कुठून आणणार तुमची फळी आणि तुमची हवा? पावसाळ्यात इथे चामड्याच्या चपलेला बुरशी येते. सालीच्या नादात माझ्या तीन ढेपा गेल्या आहेत, तेव्हा पिशवीच बरी. पण जराशी सैल पडणं वेगळं आणि टम्म फुगणं वेगळं. खटपट्या, "नीट वाळवलं" म्हणजे किती? आणि फ्रिज म्हणजे चार डिग्रीचा घरातला का?

खटपट्या:
रात्रभर पंख्याखाली ठेवलं होतं, हाताला कोरडं लागत होतं. फ्रिज म्हणजे जुना छोटा आहे, बाहेरून कंट्रोलर लावून 13 वर ठेवलाय.

चिंचगूळ:
हं, पाण्याचं उत्तर इथेच मिळालं. एक रात्र पुरत नाही हो. मिठाच्या पाण्यातून काढल्यावर ढेप कित्येक दिवस आतून घाम सोडते, वरचं कोरडं असतं पण आतलं पाणी वर यायला वेळ लागतो. तीन ते पाच दिवस, दिवसातून दोनदा उलटायची, साल ताणल्यासारखी दिसली की मगच सील. तुमची मशीन पिशवी बाहेर ठेवून हवा ओढणारी असेल तर ओल्या मालाचं पाणीही तोंडाशी ओढून येतं आणि शिवण कच्ची पडते. किचन पेपरची पट्टी घडी करून तोंडाच्या आतल्या बाजूला ठेवायची आणि दोन शिवणी मारायच्या.

कोपरकर_काका:
मी 1980 च्या दशकापासून पनीर करतोय. मलमलीत बांधून खाली वजन ठेवा, काही पिशवीबिशवी लागत नाही. जास्त झालं तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, रोज पाणी बदला, चार-पाच दिवस मऊ राहतं.

माजघर:
काका, ते पनीर नाहीये हो. पण पनीर व्हॅक्यूम केलं तर किती दिवस टिकतं?

चिंचगूळ:
बाहेर ठेवायचं असेल तर अजिबात करू नका. ताजं पनीर ओलं, मीठ नाही, आंबटपणाही फारसा नाही आणि पिशवीत हवा नाही, बॉट्युलिझमच्या (जीवघेण्या विषबाधेच्या) जंतूंना हेच हवं असतं. फ्रिजमध्येच ठेवा आणि लवकर संपवा.

शिळोप्या:
खटपट्या, कल्चर कुठलं ते अजून आलं नाही. आणि दूध तापवलं होतं का? किती?

खटपट्या:
उकळलं होतं. गवळ्याचं दूध आहे, न उकळता कोण वापरतं? कल्चर पाकिटातलं, गौडाचंच. दुसऱ्या व्हीलला पाकीट संपलं म्हणून घरचं विरजण घातलं दोन चमचे. त्याचा काय संबंध?

शिळोप्या:
आणि फुगलीये ती कुठली??

खटपट्या:
...विरजणवाली.

चिंचगूळ:
हे आधी का नाही सांगितलंत!! घरच्या विरजणात काय काय राहत असतं ते तुम्हाला मला माहीत नाही, यीस्टही असतं. दही दुसऱ्या दिवशी संपतं म्हणून कळत नाही, इथे 13 डिग्रीला बारा दिवस कोंडून ठेवलंय. व्हॅक्यूमने बुरशी थांबते कारण तिला हवा लागते, यीस्टचं हवेशिवायही भागतं. आणि उकळलेल्या दुधाला रेनेट (दूध गोठवणारं एन्झाइम) नीट पकडत नाही, निवळीतली प्रथिनं केसिनला (दुधातल्या मुख्य प्रथिनाला) चिकटून बसतात, गोठलेलं दूध मऊ राहतं आणि पाणी धरून ठेवतं. पाणी साचलंय त्यातलं अर्धं त्याचंच आहे. 63 डिग्रीला अर्धा तास किंवा 72 ला पंधरा सेकंद पुरतं, मग पटकन थंड करायचं.

खटपट्या:
म्हणून कापताना चुरा होत होता!! मला वाटलं सुरी बोथट आहे.

अर्धा_लिटर:
म्हशीच्या दुधाचा चुरा होत नाही.

रॉटरडॅमकर:
होतो, उकळलं तर होतो. खटपट्या, पिशवी फोडून बघा. फक्त पिशवी फुगली होती का ढेपही वर आलीये? बोटाने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर बरं, पोकळ आला तर नाही.

खटपट्या:
फोडली. ढेपच घुमटासारखी वर आलीये, आवाज पोकळ. वास बिअरचा. कापली तर आत स्पंज आहे नुसता, बारीक बारीक भोकं. किसून पिझ्झावर चालेल का? ओव्हनमध्ये जंतू मरतील ना?

चिंचगूळ:
नाही. चाखूही नका. जंतू मेले तरी त्यांनी करून ठेवलेलं जात नाही. टाका. सुरी, पाट, साचा उकळत्या पाण्याने धुवा आणि फ्रिजही पुसून घ्या. दुसरीतलं पाणी ओता, मिठाच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसा, चार दिवस वाळवा आणि नवीन पिशवीत घाला. दर आठवड्याला उलटा, आणि आता तरी पिशवीवर तारीख आणि कल्चर लिहा.

कोपरकर_काका:
त्यापेक्षा पनीर.

खटपट्या:
टाकली, आठ लिटर दूध गेलं. दुसरीचा वास चांगला येतोय, लोण्यासारखा. खिडकीच्या जाळीआत पंख्याखाली ठेवलीये आणि मांजर जाळीबाहेर बसलंय. फोटो टाकतो चार दिवसांनी.

माजघर:
सीलर कुठला घेतलात ते सांगाल का? मला कुरडया भरून मुलाला पाठवायच्यात, दाबल्यावर मोडतील का?